इंधनघटाचे आयुष्य

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली, तर ती डोळ्यांना दिसते; आस घासू लागला, तर त्याचा आवाज कानी येतो. परंतु ज्यात फिरते चाक नाही की घासणारा दट्ट्या नाही, अशी वस्तूही वापराने जीर्ण होते काय? हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतील इंधनघट ही अशीच एक वस्तू होय.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह याने १८४२ साली अशा घटाची रचना केली. आजच्या मोटारींतील घटात मध्यभागी एक पातळ पटल असते. त्याच्या दोन्ही अंगांस कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे सूक्ष्म कण बसविलेले असतात. एका अंगास आलेल्या हायड्रोजनचे प्लॅटिनमच्या स्पर्शाने प्रोटॉन व इलेक्ट्रॉन विलग होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन तारेच्या वाटेने जाताना गाडीला गती देतात. पलीकडे दोहोंचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. एका घटाचा विद्युतदाब एक व्होल्टहूनही कमी असतो. म्हणून २०१४ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मिराई’ मोटारीत असे ३७० घट ओळीने जोडलेले होते.

हा घट आतून झिजतो. गाडीचा वेग वारंवार कमीजास्त झाला, की प्लॅटिनमचे काही कण विरघळतात व इतर कणांवर जाऊन बसतात. कण मोठे होतात, परंतु त्यांचा एकूण पृष्ठभाग घटतो. पिठीसाखर चटकन विरघळते, खडीसाखरेस वेळ लागतो. त्याचप्रमाणे मोठ्या कणांवरील क्रियाही मंदावते. गाडी पुनःपुन्हा बंद व सुरू केल्याने कार्बनचा थर क्षीण होतो. पटल ओलाव्याने फुगते, कोरडे होताच आकसते. कालांतराने त्यास बारीक छिद्रे पडून हायड्रोजन पलीकडे झिरपू लागतो.

तरीही घट एकाएकी बंद पडत नाही. त्याचा विद्युतदाब हळूहळू उतरतो. मग तेवढ्याच कामास अधिक हायड्रोजन लागतो, उष्णता अधिक वाया जाते आणि चढणीवर गाडीची दमछाक होते.

यावर उपाय म्हणून अभियंते घटाच्या जोडीस बॅटरी देतात. वेग एकदम वाढवावयाचा झाल्यास जादा भार बॅटरी उचलते व घट संथपणे काम करीत राहतो. लंडनमध्ये २०१० च्या अखेरीपासून धावू लागलेल्या हायड्रोजन बसगाड्यांपैकी काहींच्या घटसंचांनी २५,००० तासांहून अधिक सेवा दिली. दर थांब्यावर थांबणाऱ्या व पुन्हा निघणाऱ्या गाडीतही, भार नीट वाटून दिल्यास, घट दीर्घकाळ टिकतो, हेच यावरून दिसून येते.