मधुमेहातील धमनीदाहाचे प्रतिमांकन

मधुमेही व्यक्तींच्या धमन्यांच्या भित्तिकांमध्ये चाललेला दाह शरीराबाहेरून टिपणाऱ्या वैद्यकीय तंत्रांना धमनीदाहाचे प्रतिमांकन असे म्हणतात. यासाठी मुख्यत्वे पॉझिट्रॉन उत्सर्जन टोमोग्राफी, म्हणजेच पेट स्कॅन, आणि सीटी स्कॅन यांचा एकत्रित वापर होतो. हे तंत्र प्रामुख्याने संशोधनापुरते मर्यादित असून मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांत त्याचा समावेश होत नाही.

पार्श्वभूमी

आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते. मधुमेहामुळे हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. अँजिओग्राफीत धमनी किती अरुंद झाली आहे, हे दिसते. मात्र हृदयविकाराचा झटका अनेकदा फारशा अरुंद न झालेल्या जागी येतो. तेथील मेदाचा थर दाहामुळे कमकुवत होऊन फुटतो व त्यावर रक्ताची गुठळी धरते.

कार्यपद्धती

दाह झालेल्या थरात महाभक्षी पेशी जमतात व त्या मोठ्या प्रमाणात ग्लुकोज शोषतात. फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, अर्थात एफडीजी, हे ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिल्यास ते या पेशींत साठते आणि स्कॅनमध्ये उठून दिसते. केंब्रिज येथील संशोधकांनी २००२ साली मानेतील कॅरोटिड धमन्यांचा दाह या पद्धतीने दाखवून दिला. धमनीच्या भित्तिकेतील व रक्तातील एफडीजीचे गुणोत्तर काढून दाहाची तीव्रता मोजतात.

मधुमेहींमधील अडचणी

रक्तातील साखर वाढलेली असल्यास ती एफडीजीशी स्पर्धा करते व धमनीतील दाह प्रत्यक्षापेक्षा कमी भासू शकतो. त्यामुळे तपासणीपूर्वी उपाशी राहणे व साखर नियंत्रणात असणे आवश्यक ठरते. मेटफॉर्मिन या औषधामुळे आतड्यांत एफडीजी अधिक साठते. हृदयाचा स्नायूही ग्लुकोज शोषत असल्याने हृदयाच्या धमन्या स्पष्ट दिसत नाहीत. त्यावर उपाय म्हणून महाभक्षी पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना चिकटणारे गॅलियम-६८ डोटाटेट हे द्रव्य अभ्यासले जात आहे.

औषधांचे मूल्यमापन

जपानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायोग्लिटाझोनने धमनीदाह ग्लिमेपिराइडपेक्षा अधिक कमी झाल्याचे आढळले. याउलट डेन्मार्कमधील लिराफ्लेम चाचणीत लिराग्लुटाइड २६ आठवडे देऊनही कॅरोटिड धमन्यांतील एफडीजीचे प्रमाण निष्क्रिय औषधाच्या तुलनेत लक्षणीय घटले नाही. साखर कमी करणारे प्रत्येक औषध या मोजमापात दाह कमी करतेच असे नाही, हे यावरून दिसते.

उपलब्धता

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईतील परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात कार्यान्वित झाले. एफडीजीतील फ्लुओरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असतो. मुंबईहून साताऱ्यापर्यंतच्या प्रवासास साडेपाच तास लागल्यास मूळ किरणोत्साराचा आठवा भाग उरतो; सांगलीपर्यंत सव्वासात तास लागल्यास जेमतेम सोळावा. म्हणून सायक्लोट्रॉनपासूनचे अंतर हा या तपासणीच्या खर्चातील व नियोजनातील महत्त्वाचा घटक आहे.

मर्यादा

या तपासणीत किरणोत्साराची मात्रा घ्यावी लागते व खर्चही मोठा असतो. तिच्या निष्कर्षानुसार एखाद्या रुग्णाचे उपचार बदलल्यास झटके टळतात, हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे रक्तदाब, कोलेस्टेरॉल व साखर यांचे नियंत्रण, तंबाखूचा त्याग आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार स्टॅटिन हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय मानले जातात. त्यांसाठी पेट स्कॅनची आवश्यकता नसते.