अश्विनी आणि तिच्या तीन जोडीदारणी

बॅडमिंटन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सायना येते, सिंधू येते. दोघीही एकट्यानं खेळणाऱ्या. पण आपल्या पोरी संध्याकाळी ज्या हॉलमध्ये खेळायला जातात, तिथं एकदा डोकावून बघा. कोर्ट एक, फार तर दोन, आणि पोरी पंधरा-सोळा. मग खेळतात काय? डबल्स! आमच्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये तरी हेच चित्र आहे. सकाळी साडेसहाला आम्ही चौघीजणी जातो, त्याही डबल्सच खेळतो. (आमच्यातली एक आजी झाली आहे, पण तिची सर्व्हिस अजून कुणाला धड परतवता येत नाही.)

परवा एका मैत्रिणीची लेक जिल्हा स्पर्धेत डबल्स जिंकून आली. घरी पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच काका म्हणाले, "छान झालं, पण आता सिंगल्सकडे लक्ष दे. डबल्समध्ये काय ठेवलंय?" पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिला मी अश्विनी पोन्नप्पाची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हालाही सांगते. गोष्ट नुसती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

अश्विनी कर्नाटकातल्या कोडगूच्या घरातली, जन्म १९८९ चा, बंगळुरूचा. वडील हॉकी खेळणारे, लेकीनं मात्र रॅकेट धरली. तिची पहिली मोठी जोडीदारीण ज्वाला गुट्टा. ज्वाला हैदराबादची म्हणून आपण ओळखतो, पण तिचा जन्म आपल्या वर्ध्याचा, १९८३ चा! वडील तेलुगू, आई येलन चिनी. गांधीजींचं लेखन चिनी भाषेत नेण्याच्या कामासाठी आजोबा भारतात आले, त्यांच्याबरोबर येलनही आल्या होत्या.

ज्वाला डावखुरी, अश्विनी उजव्या हाताची. ज्वाला नेटजवळ हुशार, अश्विनी मागून दणकून स्मॅश मारणारी. डबल्समध्ये हल्ला करताना एक पुढे, एक मागे असते, आणि बचाव करताना दोघी शेजारीशेजारी. ही अदलाबदल एकही शब्द न बोलता, डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागते. दोन जावा पोळ्या करत असतात ना, एक लाटते, दुसरी भाजते, आणि दूध उतू जायला लागलं की जिचा हात मोकळा ती धावते, तसंच हे. कोर्टही सिंगल्सपेक्षा रुंद, सतरा फुटांऐवजी वीस फूट. म्हणजे दोघी आहेत म्हणून काम निम्मं झालं, असं काही नसतं.

२०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या दोघींनी सिंगापूरच्या जोडीला हरवून सुवर्णपदक मिळवलं. महिला डबल्समधलं भारताचं ते पहिलंच. त्याच दिवशी सायनानंही सुवर्ण जिंकलं आणि भारत पदकतक्त्यात इंग्लंडच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर गेला. पेपरात फोटो आला तो सायनाचा. तो यायलाच हवा होता. पण हिशेब मांडून बघा. भारताची सुवर्णं ३८, इंग्लंडची ३७. या दोघींचं एक वजा केलं की झाली बरोबरी, आणि रौप्यपदकं इंग्लंडकडे जास्त. म्हणजे दुसरा नंबर गेलाच असता! हे किती जणांच्या लक्षात आहे?

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, लंडनच्या जागतिक स्पर्धेत दोघींनी कांस्यपदक मिळवलं. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांनी मिळवलेल्या पदकानंतर अठ्ठावीस वर्षांनी भारताला जागतिक स्पर्धेत पदक मिळालं, ते या दोघींमुळे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मात्र नशीब आडवं आलं. गटात तीन जोड्यांचे विजय सारखे झाले आणि एका गुणाच्या फरकानं यांची उपांत्यपूर्व फेरी हुकली. एक गुण!

आणि मग २०१३ चा तो लिलाव. इंडियन बॅडमिंटन लीग सुरू होणार होती. ज्वाला आणि अश्विनी यांची पायाभूत किंमत प्रत्येकी ५० हजार डॉलर ठरली होती. पण लीगमधून महिला डबल्सच काढून टाकलं गेलं आणि या दोघींची किंमत निम्म्यावर, २५ हजारांवर आली. आपल्याला आधी विचारलंसुद्धा नाही, असं दोघींनी उघडपणे सांगितलं. शेवटी ज्वाला ३१ हजारांना आणि अश्विनी त्याच २५ हजारांना गेली. सायनाला १ लाख २० हजार मिळाले. सायनाच्या पैशांबद्दल तक्रार नाही, पण दोन वर्षांपूर्वी जागतिक पदक आणणाऱ्या मुलींचा खेळच यादीतून पुसला, ते मला आजही खटकतं.

आपल्या घरातल्या मुलींना सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथं सांगते. डबल्समध्ये जागतिक क्रमवारी जोडीची असते. जोडी मोडली की तिचे गुण नव्या जोडीबरोबर येत नाहीत, ते पुन्हा जमवावे लागतात. नव्या घरी नांदायला गेल्यासारखंच की! २०१५ मध्ये ज्वाला-अश्विनीनं कॅनडा ओपन जिंकली, पहिल्या दहांत पोचल्या, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मात्र तिन्ही सामने हरल्या. ही जोडी थांबली तेव्हा अश्विनी सत्तावीस वर्षांची होती. मग एन. सिक्की रेड्डीबरोबर नव्यानं सुरुवात. २०१८ च्या गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीला कांस्यपदक मिळालं, शिवाय मिश्र सांघिक सुवर्णातही अश्विनीचा वाटा होता. त्याच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालं होतं.

२०२३ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, तिसरा डाव. जोडीदारीण तनिषा क्रास्टो. ही मूळ गोव्याच्या कुटुंबातली, जन्मली दुबईत, २००३ मध्ये. दिल्लीत अश्विनीनं सुवर्ण जिंकलं तेव्हा तनिषा सात वर्षांची होती! पॅरिस ऑलिम्पिकसाठीचे गुण मे २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात गोळा करायचे होते. दोघी छोट्या-छोट्या स्पर्धांना गेल्या. फ्रान्समधलं नॉन्त, मग अबुधाबी, मग गुवाहाटी, तिन्ही जिंकल्या. लखनौला सय्यद मोदी स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. पॅरिसचं तिकीट त्यांनाच मिळालं. ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद ही तरुण, गुणी जोडी मागे राहिली.

आता पैशाचं बोलू, कारण काकांचा खरा प्रश्न तोच होता. जागतिक महासंघाच्या स्पर्धांत बक्षिसाच्या एकूण रकमेतले साडेसात टक्के सिंगल्सच्या विजेतीला मिळतात, आणि डबल्सच्या जोडीला ७.९ टक्के. तेही दोघींत मिळून! म्हणजे एकीच्या वाट्याला चारपेक्षा थोडे कमीच. गुवाहाटीच्या स्पर्धेचं एकूण बक्षीस एक लाख डॉलर होतं. विजेती म्हणून अश्विनीचा वाटा ३,९५० डॉलर, त्या वेळचे सव्वातीन लाख रुपये. यातून प्रवास, फिजिओ, रॅकेटच्या तारा असे खर्च वजा करा, म्हणजे काय उरतं ते कळेल. मी मैत्रिणीच्या लेकीला हा आकडा तसाच सांगितला, लपवला नाही. तिनं तोंडावर बोटं मोजली आणि विचारलं, "पण मावशी, जिंकली ना ती?"

पॅरिसमध्ये २०२४ च्या जुलैअखेर अश्विनी-तनिषा तिन्ही सामने हरल्या. शेवटच्या सामन्यानंतर अश्विनीला रडू आवरेना. हे माझं शेवटचं ऑलिम्पिक, पुन्हा हे सोसणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. तनिषाही शेजारी रडत होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघी पुन्हा गुवाहाटीला गेल्या. अश्विनी पस्तीस वर्षांची, तनिषा एकवीस. अंतिम फेरीत समोर चीनची जोडी होती. सरळ दोन गेममध्ये जिंकल्या.