अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूला विषाणू कसा पेचात पकडतो?

२०१५ मध्ये इजिप्त फिरायला गेलेले अमेरिकन प्राध्यापक टॉम पॅटरसन अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी या जिवाणूमुळे आजारी पडले आणि पुढे कोमात गेले. एकही अँटिबायोटिक लागू पडेना. साथरोगतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी यांनी शेवटी वेगळाच उपाय शोधला, तो म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. मार्च २०१६ मध्ये सॅन दिएगोत ते पॅटरसन यांना देण्यात आले आणि ते बरे झाले.

या विषाणूंना फाज म्हणतात. ते माणसाच्या पेशीत शिरत नाहीत. कारण सोपं आहे: कुठलाही विषाणू कुठल्याही पेशीत घुसू शकत नाही, त्याला पेशीवर ठरावीक रेणू सापडावा लागतो. करोनाच्या विषाणूला आपल्या पेशींवरचं एसीई-२ लागतं, तसं फाजला जिवाणूच्या आवरणावरचं काहीतरी लागतं.

खरी गंमत पुढे आहे. ई. कोलाय या जिवाणूकडे औषध बाहेर फेकणारा पंप असतो. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं आत आलेलं अँटिबायोटिक तो उपसून टाकतो, तेही एक नाही, अनेक प्रकारची. या पंपाची बाहेर उघडणारी नळी म्हणजे टोल-सी हे प्रथिन. यू-१३६बी नावाच्या फाजला आत शिरायला नेमकी हीच नळी लागते. म्हणजे पंप ठेवला तर विषाणू घुसणार, पंप मोडला तर टेट्रासायक्लिनसारखं औषध पुन्हा काम करणार. इकडे आड, तिकडे विहीर!

पण जिवाणूही काही कमी नाहीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अलिटा बर्मायस्टर, पॉल टर्नर आणि सहकाऱ्यांनी हाच पेच प्रयोगशाळेत तपासला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. या फाजला टोल-सीसोबत आवरणावरचा आणखी एक रेणू लागतो. काही जिवाणूंनी तोच बदलला आणि पंप शाबूत ठेवला. त्यातले काही कोलिस्टिन या दुसऱ्या औषधाला बळी पडू लागले. मोजके मात्र फाजपासून वाचलेच, वर औषधालाही आधीपेक्षा जास्त चिवट झाले.

म्हणून ‘अँटिबायोटिकला पर्याय सापडला’ असे फॉरवर्ड जरा जपूनच वाचावेत. पॅटरसन यांच्यावर उपचार सुरू असतानाही जिवाणू पहिल्या फाजना दाद देईनासे झाले होते. डॉक्टरांना मध्येच नवा फाज शोधावा लागला.