हुकूम आणि तामिली

बिलोलीच्या शेजारी धर्माबाद तालुक्यात, बाभळी गावाजवळ गोदावरीवर जो बंधारा उभा आहे, त्याचे चौदा दरवाजे दरवर्षी १ जुलैला उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत ते उचललेलेच ठेवावे लागतात. हा शिरस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने घालून दिलेला असून, त्याच निकालान्वये १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्याकरिता सोडावे लागते. बंधाऱ्याची साठवणक्षमता अवघी २.७४ टीएमसी, परंतु दरवाजे उचलण्याच्या दिवशी केंद्रीय जल आयोगाचे आणि उभय राज्यांचे अधिकारी जातीने हजर असतात. देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा हुकूम हाती असतानाही दरवाजा खरोखर वर गेला की नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणाचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. कारण हुकूम सुटणे ही एक गोष्ट आहे आणि त्याची तामिली होणे ही सर्वस्वी दुसरी.

नदीवरच्या दरवाजांबाबत एवढा विवेक बाळगणारे आपण नळातल्या दरवाजांबाबत मात्र तो सोडून देतो. पाणीपुरवठा योजनेत, साखर कारखान्यात, औष्णिक वीजकेंद्रात, जेथे जेथे मोठ्या नळातून काही वाहते, तेथे ते अडवण्यासाठी व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, असते. आणि ती फिरवण्याचे काम तालुक्याच्या गावी अद्यापि बहुधा व्हॉल्व्हमन आपल्या लांब दांड्याच्या चावीने करतो. त्याच्या मनगटाचे हे काम विजेकडून करवून घेणारे जे यंत्र झडपेच्या माथ्यावर बसवतात, त्याला ॲक्च्युएटर हे नाव रूढ आहे. नाव परके आणि यंत्र बंद पेटीतले, तेव्हा त्याच्याविषयी गैरसमज असणारच. पण निविदा काढणाऱ्या आणि भरणाऱ्या सुशिक्षितांतही ते आढळतात याचे नवल वाटते. या गैरसमजांचे मूळ मला एकाच समजुतीत दिसते, ती ही की यंत्र स्वयंचलित असल्यामुळे ते आपल्या बुद्धीने वागते. वस्तुतः टाकी भरली काय, वाटेत नळ फुटला काय, याची त्याला वार्ताही नसते; ते जाणणारी मापके निराळी, त्यांवरून निर्णय करणारा नियंत्रक निराळा, आणि हा बिचारा केवळ हुकमाचा ताबेदार आहे.

पेटीच्या आत मिनिटाला हजार-पंधराशे फेरे घेणारी मोटार असते, आणि मळसूत्री दंड व दातेरी चाक यांच्या जोडीने तिचा वेग उतरवून त्याच्या बदल्यात पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढवला जातो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या झडपेचे पान एका फेऱ्यात १२ मिलिमीटर सरकत असेल, तर ती संपूर्ण उघडण्यास पन्नास फेरे लागतात, आणि मिनिटाला २४ फेरे देणारा ॲक्च्युएटर हे काम सुमारे दोन मिनिटांत उरकतो. मोटार कोठे थांबवावी हे ठरवण्यास दोन प्रकारचे पहारेकरी असतात: फेरे मोजून थांबवणारा लिमिट स्विच आणि जोर मर्यादेबाहेर गेला की थांबवणारा टॉर्क स्विच. शिवाय बाजूला एक हातचाक असते, ज्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. यात अद्भुत असे काही नाही, आणि नवेही नाही. इंग्लंडातील बाथ शहरी जेरेमी फ्राय यांनी रोटॉर्क ही कंपनी काढली ती १९५७ साली, आणि जर्मनीतील आउमा कंपनीची स्थापना १९६४ ची.

सर्वांत व्यापक गैरसमज असा की वीज गेली म्हणजे झडप आपोआप बंद होते. भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली आहेत त्या मराठवाड्यातील वाचकांना तरी हा प्रश्न निरर्थक वाटू नये. सामान्य ॲक्च्युएटरची वीज तुटली की तो होता तेथेच थांबतो. झडप निम्मी उघडी असेल तर निम्मीच राहते, कारण मळसूत्राची जोडी बहुधा अशी असते की मोटार चाकाला फिरवू शकते, परंतु चाक मोटारीला उलट फिरवू शकत नाही. हा त्याचा दोष समजू नये. पुष्कळ ठिकाणी झडप जागच्या जागी राहणे हेच सुरक्षित असते. पण जेथे वीज जाताच ती मिटलीच पाहिजे, तेथे ताणून ठेवलेली स्प्रिंग असलेला किंवा बॅटरीचा साठा असलेला निराळा प्रकार मागवावा लागतो, आणि त्याला दामही अधिक पडतो. खरेदीच्या कागदात या एका ओळीचा उल्लेख राहिला, तर मागाहून पुरवठादाराला दोष देण्यात हशील नाही.

दुसरा समज आपल्या स्वभावातलाच आहे: जितका जोर अधिक तितके बरे. जरुरीपेक्षा मोठा ॲक्च्युएटर बसवला आणि त्याचा टॉर्क स्विच सैल सोडला, तर घाण अडकून ताठरलेल्या झडपेचा दांडा वाकतो किंवा तिची बैठक चिरडते. हात थांबला असता तेथे मोटार थांबत नाही. मात्र याचा विपर्यास करून तो स्विच भलताच घट्ट बसवणेही तितकेच घातक, आणि याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्रात ९ जून १९८५ रोजी घडले. अणुभट्टी थंड राखणाऱ्या यंत्रणेला पाणी पुरवणाऱ्या दोन झडपा चालकाच्या हातून चुकीची बटणे दाबली गेल्याने मिटल्या, आणि पुन्हा उघडावयाचा हुकूम दिला तेव्हा त्या उघडेनात. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात मोठी तफावत होती, आरंभी लागणारा जोर त्यामुळे फार होता, आणि त्या पहिल्या क्षणापुरते टॉर्क स्विचला बाजूस सारण्याची जी योजना असते, तिची जुळणीच चुकलेली असल्याने पहारेकऱ्याने मोटारच थांबवली. शेवटी माणसे धावत गेली आणि त्यांनी त्या झडपा हाताने उघडल्या. १९८९ साली तेथील अणुनियामक आयोगाने सर्व केंद्रांना विजेवर चालणाऱ्या झडपा खऱ्या दाबाच्या परिस्थितीत चालतील याची तपासणी करण्यास फर्मावले, त्यामागे या घटनेचाही वाटा होता.

हातचाक हे शोभेचे अवशिष्ट आहे असे मानणाऱ्यांना याहून अधिक उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. ज्या खड्ड्यात ते चाक फिरवण्यास कोपर हलवण्याइतकीही जागा ठेवलेली नसते, तो बांधणाऱ्याचे काय करावे हे मात्र वाचकांनीच ठरवावे.

त्याहून सूक्ष्म चूक दिव्याची आहे. नियंत्रण कक्षात हिरवा दिवा लागला म्हणजे झडप मिटली, असे चालक धरून चालतो. पण तो दिवा कशाला जोडला आहे हे पाहिल्याखेरीज असे धरता येत नाही. थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी जो अणुअपघात झाला, त्यात दाब सोडणारी एक झडप उघडी अडकून दोन तासांहून अधिक काळ तशीच राहिली, आणि फलकावरील दिवा मात्र ती मिटल्याचे भासवत होता, कारण तो झडपेच्या स्थितीवर बेतलेला नव्हता. तिला मिटण्याचा विद्युत्संदेश गेला, एवढेच तो सांगत होता. ती झडप मोटारीवरची नसून विद्युच्चुंबकाच्या साह्याने चालणारी होती हे खरे, तथापि बोध तोच. निजामी अमदानीतील कोणत्याही जुन्या पेशकाराने, जावक वहीतली नोंद हा तामिलीचा पुरावा नव्हे, हे त्या अभियंत्यांना विनामूल्य सांगितले असते.

वेगाचा मोह हाही असाच. झडप पाच सेकंदांत मिटते हे काही ठिकाणी भूषण असेल, पण लांब जलवाहिनीवर ते संकट आहे. धावते पाणी एकाएकी अडवले की त्याचा सारा वेग दाबात परिणत होतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात, आणि त्याचा हिशेब रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर १८९७-९८ च्या सुमारास प्रयोग करून मांडला. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी नळात क्षणात थांबवले, तर दाब सुमारे शंभर मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका वाढतो. तीस मीटर उंच टाकीसाठी घातलेल्या नळाने हे कसे सोसावे? म्हणून मिटण्याचा काळ वाहिनीच्या लांबीवरून ठरवावा लागतो.

बाकीचे समज थोडक्यात आटोपता येतील. वीज फार लागते म्हणतात; पाऊण किलोवॅटची मोटार दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटे चालली तर महिन्याचा खर्च दीड युनिट भरतो, आणि झडप स्थिर असताना मोटारीला वीज लागत नाही. डिस्टिलरीसारख्या जागी वीज वापरूच नये म्हणतात. पण आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर येऊ न देणारे भक्कम कवच असलेले प्रकार याच कामासाठी बनतात. आयपी ६७ वा ६८ चा शिक्का पाहून पेटी पाण्याखाली कायमची निर्धास्त, असेही मानतात. ६७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ६८ साठी खोली व मुदत उत्पादकाने लिहून द्यावयाची असते. शिवाय केबल जेथे आत शिरते तेथला रबरी सांधा कोणी सैल ठेवला, तर शिक्क्याचा काही उपयोग उरत नाही. पावसाळ्यात तुडुंब भरणारे आपल्याकडचे व्हॉल्व्हचे खड्डे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगणे नको.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जी बिलोलीचा शेतकरी शहरी अभियंत्याला शिकवील. तारांची दुरुस्ती होऊन फेज उलटसुलट जोडले गेले की विहिरीवरची मोटार उलटी फिरते, हे त्याला पाठ असते. ॲक्च्युएटरचेही तसेच होते, आणि साध्या रचनेच्या यंत्रात परिणाम अधिक वाईट: मिटण्याच्या हुकमावर झडप उघडू लागते, आणि त्या हुकमाला थांबवणारा लिमिट स्विच भलत्याच टोकाला वाट पाहत बसतो. नव्या ॲक्च्युएटरांत फेजचा क्रम ओळखून तो दुरुस्त करण्याची सोय असते. जुन्यांत ती नसल्यास, दुरुस्तीनंतर झडप आधी हाताने मध्यावर आणून मगच बटण दाबून पाहावे.

तालुक्याच्या लहानशा गावात प्रत्येक गल्लीच्या झडपेवर विजेची पेटी बसवणे हा माझ्या मते अपव्यय आहे. तेथे व्हॉल्व्हमनची चावीच योग्य, कारण कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही हे त्याला लोक रस्त्यातच सांगतात. उद्भवापासून येणाऱ्या मुख्य वाहिनीवर, पंपघरात आणि उंच टाकीच्या तोंडाशी मात्र ॲक्च्युएटर आपली किंमत वसूल करतो. तो बसवताना नगरपरिषदेच्या सभासदांनी ठेकेदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत व त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत: वीज गेल्यावर ही झडप कोठे थांबेल, आणि फलकावरचा दिवा खुद्द झडपेच्या स्थितीवर लागतो की नुसत्या हुकमावर? आणि यंत्र ताब्यात आल्यावर महिन्यातून एकदा ते विजेने व एकदा हाताने पूर्ण उघडून मिटवून पाहण्याचे काम एका कर्मचाऱ्याच्या नावे लावून द्यावे.