तांब्याच्या तारेवरून मराठी

यवतमाळ जिल्ह्याला वर्तमानपत्राचा नाद जुना. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. जवाहरलाल दर्डांनी त्याच नावाने १९५२ मध्ये यवतमाळातच पुन्हा साप्ताहिक सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरात त्याचं दैनिक झालं. छपाई नागपूरला, बातमी पुसद-उमरखेडची. मधल्या अंतरासाठी एसटीने धाडलेलं पाकीट, तार किंवा फोनवर ओरडून सांगितलेला मजकूर, एवढीच साधनं होती. पुढे एसटीडी बूथवर फॅक्स आला आणि बातमीदाराच्या हातचा कागद काना-मात्रेसह जसाच्या तसा पोचू लागला. जिल्ह्याच्या पत्रकारितेत या यंत्राचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी.

टेलिफोनच्या शोधाआधीच, १८४३ मध्ये, अलेक्झांडर बेन या स्कॉटिश माणसाने तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत दिसला तो १९८० च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, ‘ग्रुप थ्री’ फॅक्स. तो अक्षरं वाचतच नाही. कागदाची एक आडवी पट्टी घेऊन तिचे १७२८ ठिपके पाडतो आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतो. उभ्या दिशेने एका मिलिमीटरात अशा ३.८५ ओळी. ए-फोर पानाचे हिशेबाने जवळपास वीस लाख ठिपके होतात. ते तसेच सेकंदाला ९६०० या वेगाने धाडले तर साडेतीन मिनिटं जातील. म्हणून ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ अशा सांकेतिक लांब्या पाठवतात आणि पान साधारण मिनिटभरात जातं.

सुरुवातीला ऐकू येणारी ती किंचाळी म्हणजे दोन यंत्रांची बोलणी. पलीकडचं यंत्र आपल्याला काय काय जमतं ते सांगतं, मग अलीकडचं दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाइन तपासतं. शून्यं धड पोचली नाहीत तर वेग उतरतो: ९६०० वरून ७२००, ४८००, शेवटी २४००. पान तेच, वेळ चौपट. बूथवर मीटर चालू असताना ही चौपट थेट खिशातून जायची.

वेग कशाने उतरायचा? बहुधा एक्स्चेंजपासून बूथपर्यंतच्या तांब्याच्या जोडीने. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर सुरू. बोलताना कान ती खरखर सहन करतो, हरवलेला शब्द अंदाजाने भरून काढतो. फॅक्सला अंदाज करता येत नाही. एक सांकेतिक लांबी चुकली की ती अख्खी आडवी ओळ बिघडते.

देवनागरीला हे फार महाग पडतं. आपला अनुस्वार, रफार, वेलांटी शिरोरेषेच्या वर राहतात. एक ओळ पाव मिलिमीटरची. पेनाने टेकवलेला अनुस्वार जेमतेम दोन ओळींचा. तेवढ्या दोन ओळी गेल्या की ‘खंत’चं ‘खत’ होतं आणि उपसंपादकाला शंकाही येत नाही. कापसाच्या भावातला १ आणि ९ असाच घात करतो. ‘फाइन’ बटण दाबलं की मिलिमीटरात ७.७ ओळी होतात, अक्षर सुधारतं. पण वेळ आणि बिल वाढतं. आकडे असलेल्या पानासाठी तो खर्च करणंच शहाणपणाचं होतं. पुढच्या यंत्रांनी चुकलेले तुकडे पुन्हा मागवण्याची सोय आणली, तेव्हा कुठे लाइनमुळे खाल्ल्या जाणाऱ्या मात्रा वाचल्या.

दोष मात्र प्रत्येक वेळी लाइनचा नसे. पानभर वरून खाली सरळ काळी रेघ आली तर पाठवणाऱ्याच्या काचेवर कण बसलाय असं समजावं: काच जागीच असते, कागद सरकतो, म्हणून एका ठिपक्याची रेघ होते. आडवे पट्टे तुटले असतील तर लाइनकडे बघावं. फिकट निळी शाई, पेन्सिल, पुसट शिक्का यंत्र पांढऱ्यात जमा करतं. म्हणून काळं पेन, मोठं अक्षर.

आता तांब्याच्या जागी फायबर आलं. त्यावरच्या इंटरनेट फोनवर आवाज दाबून पाठवला जातो. कानाला तो चालतो, फॅक्सचे सूर मात्र विस्कटतात. त्यासाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत लागते.

जुन्या फायलींमधले चकचकीत फॅक्स मात्र आजच काढून बघायला हवेत. तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. विदर्भाचा उन्हाळा, उजेड, चिकटपट्टी आणि विशेषतः प्लास्टिकचं पाकीट त्याला पुसून टाकतं. जाणते कारकून आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून तीच फाइलला लावत. ज्यांची राहिली असेल त्यांनी पाकिटातून काढून आधी स्कॅन करावं. अक्षर पुसट झालं असलं तरी कॉन्ट्रास्ट वाढवून बरंचसं वाचता येतं.