एकशे तीस मीटरचा रूळ

माणसाची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, या वादात मी वर्षानुवर्षं एकाच बाजूने भांडत आलो आहे. समोर चंद्रावरचं पाऊल असतं, शून्य असतं, लिपी असते. देवीच्या रोगाचं उच्चाटन म्हणणाऱ्यांपुढे मात्र माझा आवाज जरा खाली येतो. हजारो वर्षं माणसं मारणारा, उरलेल्यांना विद्रूप आणि आंधळं करणारा रोग 1980 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, याला तोड नाही. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मधला. हे सगळं मान्य करूनही माझं मत भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तयार होणाऱ्या रुळाला.

कारण असं की चंद्रावर माणूस सहा वेळा उतरला, बारा जण चालले आणि 1972 नंतर तो पुन्हा तिथे उतरलेला नाही. रुळाला एवढ्यावर सुटका नाही. तो आज बरोबर हवा, उद्या हवा, रात्रपाळीत हवा, भर पावसाळ्यात हवा आणि त्याचा प्रत्येक मीटर बरोबर हवा. अचाट गोष्ट एकदा करून दाखवणं मोठंच. तीच गोष्ट कुणाच्या लक्षातही येऊ नये इतक्या नेमाने रोज करत राहणं मला त्याहून मोठं वाटतं.

लोखंडाची ओळख आपल्या भागाला नवी नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. मध्य भारतातले अगरिया आदिवासी तर परवापरवापर्यंत मातीच्या भट्टीत, पायाने भाता दाबून लोखंड काढत होते. व्हेरियर एल्विनने 1942 साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. लोहासुर हा त्यांचा देव. दगडात धातू आहे हे ओळखायचं, कोळशाच्या आगीत दगडातला प्राणवायू हिरावून घ्यायचा आणि उरलेला गोळा ठोकून त्याची कुऱ्हाड करायची, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

नागपूरकर म्हणून मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती एका नकाशाची. जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलादाचं वेड शिरलं ते 1882 साली, चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजावरचा एक अहवाल वाचून. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल तोवर सुरू झालेली होती. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा शोधाशोध झाली, तीही फसली. चांद्याचा नाद सोडतो आहोत हे चीफ कमिशनरांना सांगायला दोराबजी टाटा नागपूरला आले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात द्रुग जिल्ह्यावर गडद रंग चढवलेला होता. खूण लोखंडाची. प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिकाने 1887 साली त्या भागातल्या लोहखनिजाची नोंद प्रसिद्ध केली होती. ती सरकारी दप्तरात सोळाएक वर्षं पडून राहिली. दोराबजी आणि वेल्ड हा अमेरिकन तज्ज्ञ तिथल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोचले, तेव्हा डोंगरच्या डोंगर लोखंडाचे निघाले.

तरीही कारखाना तिथे झाला नाही. कोळसा आणि पाणी यांचं गणित बसेना. एवढ्यात त्याच बोसांनी मयूरभंजच्या खनिजाबद्दल पत्र पाठवलं आणि टाटा साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेले. दल्ली-राजहराचे डोंगर आणखी अर्धं शतक थांबले. माझ्या मते भिलाईची गोष्ट त्या गडद रंगाच्या ठिपक्यापासून सुरू होते. अजब बंगल्यात मुलांना मगरी आणि नाणी दाखवणाऱ्या आईबापांनी त्यांना ही गोष्टही जरूर सांगावी.

बाकी इतिहास थोडक्यात. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 ला केलं. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन, पुढे पंचवीस, मग चाळीस लाख. चुनखडी नंदिनीची, खनिज दल्ली-राजहराचं.

आता रूळ. माझा एक आतेभाऊ रेल मिलमधून निवृत्त झाला. आम्ही त्याला दादा म्हणतो. एकदा परवानगी काढून त्याने मला मिल दाखवली. लालभडक ब्लूम, म्हणजे पोलादाचा ठोकळा, भट्टीतून बाहेर येतो, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने त्याच्यावरची खपली उडते आणि तो रोलमधून पुढेमागे धावत लांब होत जातो. ठोकळ्याचा रूळ होतो तो डोळ्यांदेखत. एका अखंड तुकड्याची लांबी 130 मीटर. मीटरमागे वजन साठ किलो, म्हणजे एक रूळ जवळजवळ आठ टनांचा. असे दोन जोडून 260 मीटरचा पट्टा करतात आणि तो ओळीने लावलेल्या अनेक वाघिणींवर लादून पाठवतात. गाडी वळणावर आली की एवढं पोलाद ओल्या वेतासारखं वाकतं.

मला खिळवून ठेवलं ते रुळाच्या थंड होण्याने. तापलेला रूळ निवताना सुमारे दीड मीटर आखडतो, म्हणून गरम असतानाच लांबीचा हिशोब धरून कापावं लागतं. शिवाय रुळाचं डोकं जाड आणि पाया पातळ. पाया लवकर निवतो, डोकं उशिरा, आणि त्या ओढाताणीत रूळ वाकतो. म्हणून त्याला आधीच उलट्या बाजूला बाक देतात. एवढं करून उरलेला वाकडेपणा रोलर मशीन काढतं. मी दादाला म्हटलं, ‘‘वाकणार हे माहीत असून सरळ करायचा?’’ तो म्हणाला, ‘‘वाकणार हे माहीत आहे म्हणूनच सरळ होतो, बाबा.’’

पण खरी करामत डोळ्यांना दिसतच नाही. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन विरघळतो. दमट चुना, मिश्रधातू, पावसाळी हवा, कुठूनही तो येतो. पोलाद गोठलं की तो आत अडकतो आणि केसाएवढ्या भेगा पाडतो. वरून रूळ लखलखीत आणि पोटात चीर. रुळाच्या पोलादात दहा लाख भागांत 1.6 भागांहून जास्त हायड्रोजन रेल्वेला चालत नाही. टनाला जेमतेम दीड ग्रॅम! त्यासाठी पातळ पोलाद निर्वात भांड्यात खेचून त्यातला वायू काढून घेतात, आणि तयार रूळ अल्ट्रासॉनिक लहरींनी तपासतात. या दीड ग्रॅमची किंमत कळायची असेल तर तुटलेला रूळ काय करतो ते आठवावं. 26 नोव्हेंबर 1998 ला पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे फ्रंटियर मेलचे डबे घसरले, त्यांवर सियालदा एक्सप्रेस आदळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

या कामगिरीची किंमत माणसांनी मोजली आहे, तेही सांगायला हवं. 9 ऑक्टोबर 2018 ला भिलाईत कोक ओव्हनजवळच्या गॅस पाइपलाइनला आग लागून कामगार मेले. दल्ली-राजहराच्या खाणीत हातांनी खनिज फोडणाऱ्या मजुरांना शंकर गुहा नियोगींनी 1977 नंतर संघटित केलं. हा माणूस आधी भिलाईच्या कोक ओव्हनमध्येच कामाला होता. मजुरांनी 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींचा भिलाईत झोपेत गोळी घालून खून झाला. भिलाईवर गौरवाने लिहिणाऱ्या लेखातून हे नाव गाळलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. माणसाच्या कामगिऱ्यांची यादी करायची तर मजुरांनी उभारलेलं ते हॉस्पिटलही तिच्यात बसतं.

दादाला मी सरळच विचारलं, की तुझ्या मते सर्वांत मोठी कामगिरी कोणती. त्याने उत्तर दिलं नाही, मला एका रुळाजवळ नेलं. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव, पोलादाची प्रत, महिना आणि वर्ष अशी उठावदार अक्षरं असतात. रोलवर कोरलेली म्हणून रूळभर पुन्हा पुन्हा येतात. शेजारी ठोकलेला आकडा असतो तो हीटचा, म्हणजे एका वेळी भट्टीतून निघालेल्या पोलादाचा. त्या आकड्यावरून कोणत्या दिवशी, कोणत्या ओतकामातून तो रूळ आला ते काढता येतं. उद्या राजस्थानात किंवा आसामात रूळ तडकला, तर भिलाईत कागद उघडतो आणि त्या पाळीत काम करणाऱ्यांना विचारलं जातं.