भुलीच्या माथी मारलेला दोष

शनिवारवाड्यापासून ओंकारेश्वराच्या घाटापर्यंत पसरलेली शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. वाडे बहुतेक गेले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. परंतु त्या इमारतींत राहणारी माणसे पुष्कळशी तीच आहेत, केवळ वयाने वाढलेली. मुले कोथरूडला, बंगळूरला किंवा अमेरिकेत आणि घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसे, हे चित्र या पेठेत आता अपवादाचे राहिलेले नाही. अशा घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली, मग ती गुडघ्याची असो, हर्नियाची असो वा प्रोस्टेटची, की पहिला प्रश्न येतो तो 'भूल कसली देणार?' हा. शस्त्रक्रियेविषयी फारसे कुणी विचारीत नाही. कारण प्रत्येकाच्या ऐकण्यात असा कुणी तरी असतोच, जो आपल्या पायांनी रुग्णालयात गेला आणि उजवी बाजू लुळी होऊन परत आला. 'भूल मानवली नाही' एवढ्या तीन शब्दांत त्या कुटुंबाने आपले दुर्दैव कायमचे मिटवून ठेवलेले असते.

मराठी भाषेनेही या समजुतीला थोडा हातभार लावलेला आहे. आपल्याकडे शुद्ध हरपविणाऱ्या औषधाला जो शब्द, तोच चुकीलाही. भूल दिली आणि भूल झाली, यांतील अंतर बोलता बोलता पुसले जाते आणि भूलतज्ज्ञ हा जणू चुकांचाच तज्ज्ञ ठरतो. हा शब्दच्छल नव्हे. शस्त्रक्रियेच्या काळात होणाऱ्या पक्षाघाताचे खापर एकदा भुलीवर फोडले, की त्याची खरी कारणे शोधण्याची गरज संपते. आणि ती कारणे बहुतांशी अशी आहेत, की त्यांच्याविषयी आधी काही करता येते.

भुलीची भीती निराधार होती, असे मात्र म्हणता येणार नाही. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ साली एडिंबरोत सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत त्या औषधाने दगावली. क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. त्याचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले आणि दोष श्वासाचा, हृदयाचा नव्हे, असा निर्वाळा तेथे देण्यात आला. तो निर्वाळा चुकीचा होता, हे विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडला. आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तातील प्राणवायू, श्वासातील कर्बवायू, नाडी आणि रक्तदाब यांची क्षणाक्षणाला नोंद होते, आणि निव्वळ भुलीमुळे माणूस दगावणे ही विरळा घटना झाली आहे. भीती मात्र आजोबांकडून नातवाकडे जशीच्या तशी चालत आली.

मग पक्षाघात होतो कशाने? शस्त्रक्रिया म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक जखमच. जखम झाली, की रक्त गोठविणारी यंत्रणा जागी होते. ती जागी होणे आवश्यकच असते. पण ज्याच्या मानेतील वा मेंदूतील रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या आहेत, त्याच्या बाबतीत हेच दाटलेले रक्त नको तेथे गुठळी करते. त्यात उपासाने आणि रक्तस्रावाने शरीरातले पाणी कमी झालेले असते. पुष्कळांच्या हृदयाची लय शस्त्रक्रियेनंतरच्या दोन-तीन दिवसांत बिघडते आणि थरथरणाऱ्या कप्प्यात तयार झालेली गुठळी मेंदूकडे जाते. रक्तदाब फार वेळ खाली राहिला, तर ज्या मेंदूला वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय लागली आहे, त्याला रक्त अपुरे पडते. या शेवटच्या बाबतीत भूल देणाऱ्याची जबाबदारी निश्चितच मोठी आहे. तथापि हृदय आणि मानेच्या रोहिणीच्या शस्त्रक्रिया वगळल्या, तर बहुतेक पक्षाघात टेबलावर होतच नाहीत. ते नंतर, रुग्ण आपल्या खाटेवर आल्यावर होतात.

संपूर्ण भूल धोक्याची आणि जागेवर दिलेली भूल सुरक्षित, या समजुतीचीही परीक्षा झालेली आहे. मेंदूला रक्त पुरविणारी मानेतील रोहिणी साफ करण्याची शस्त्रक्रिया ही पक्षाघाताच्या दृष्टीने नाजुकांतली नाजूक. तिच्यासाठी आलेल्या ३,५२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून एका गटाला संपूर्ण, तर दुसऱ्याला जागेवरची भूल देण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ४.८ टक्के आणि दुसऱ्यात ४.५ टक्के निघाले. नाव घेण्याजोगा फरक नाही. 'भूल कसली?' हा प्रश्न पेठेतली मंडळी ज्या हिरीरीने विचारतात, तितके वजन, पक्षाघातापुरते तरी, त्या प्रश्नाला नाही.

वजन आहे ते रुग्णाच्या पूर्वेतिहासाला. हृदय, मेंदू आणि मोठ्या रक्तवाहिन्या सोडून इतर शस्त्रक्रियांत पक्षाघाताचे प्रमाण साधारणपणे हजारी एक ते शेकडा एक या दरम्यान असते. हे आकडे सरासरीचे आहेत आणि सरासरीइतकी फसवी चीज दुसरी नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. चाळिशीच्या निरोगी माणसाचा धोका या सरासरीच्या पुष्कळ खाली. वय, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि विशेषतः पूर्वी येऊन गेलेला झटका यांची बेरीज झालेल्या माणसाचा पुष्कळ वर. डेन्मार्कमध्ये सुमारे ४ लाख ८१ हजार नियोजित शस्त्रक्रियांच्या सरकारी नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांना नव्या झटक्याचा आणि हृदयाच्या गंभीर आघाताचा धोका फार मोठा होता. तो हळूहळू उतरत जाऊन नऊ महिन्यांच्या सुमारास स्थिरावला. नंतरच्या काही अभ्यासांनी ही मुदत तीन महिन्यांपर्यंत खाली आणली आहे आणि नेमके किती थांबावे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. थांबावे, याबद्दल मात्र ते नाहीत. मोडलेल्या खुब्याला थांबणे परवडत नाही. गुडघ्याच्या सांध्याला परवडते.

येथे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, घरातल्या व्यवहाराचा होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख पुष्कळदा वडिलांच्या प्रकृतीवरून नव्हे, तर मुलाच्या रजेवरून ठरते. तो डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी यायचा असतो. तिकिटे काढलेली असतात. विम्याचे वर्ष संपत आलेले असते. अशा वेळी दिवाळीच्या सुमारास वडिलांचा हात दहा मिनिटे बधिर झाला होता, शब्द अडखळले होते आणि मग सारे ठीक झाले होते, ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची कुणी? 'उगाच पुढे ढकलतील' म्हणून ती घरातच राहते. ती दहा मिनिटे म्हणजे पक्षाघाताने आधी पाठविलेली सूचना असू शकते. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखविले, की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण डॉक्टरला जे ठाऊक असते ते रुग्णाला नसते. शस्त्रक्रियेच्या बाबतीत उलट बाजूही तितकीच खरी आहे. रुग्णाला जे ठाऊक असते ते डॉक्टरला नसते आणि त्याची किंमत मोजतो तो रुग्णच.

औषधांची तऱ्हा याहून बिकट. दात काढायचा, मोतीबिंदू काढायचा म्हटले, की रक्त पातळ ठेवणारी गोळी आठ दिवस आधीच आपल्या मनाने बंद करणारी माणसे घरोघर आढळतात. मोतीबिंदूसाठी ती बहुधा बंद करावीच लागत नाही. इतर शस्त्रक्रियांत कोणती गोळी थांबवायची, किती दिवस आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे औषधागणिक आणि माणसागणिक बदलते. यात तज्ज्ञांचेही अंदाज चुकतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी मेटोप्रोलोल हे औषध नव्याने सुरू केले तर हृदयाचे रक्षण होईल, अशी समजूत होती. २००८ साली ८,३५१ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष हाती आला. हृदयविकाराचे झटके खरोखरच ५.७ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आले होते. परंतु पक्षाघात ०.५ टक्क्यावरून १ टक्क्यावर गेले आणि मृत्यू २.३ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर. हृदय वाचविताना मेंदू गमावला गेला. जाणत्यांची जेथे ही स्थिती, तेथे शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या मागेपुढे करणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

आणि शस्त्रक्रिया पार पडल्यावर त्याच जुन्या समजुतीचा सर्वांत महाग फटका बसतो. रुग्ण सुस्त आहे, जीभ जड आहे, एक हात नीट उचलत नाही. खाटेशेजारी बसलेली पत्नी म्हणते, 'अजून भूल उतरली नाही.' परिचारिकेलाही तसेच वाटते. संध्याकाळी म्हटले जाते, सकाळपर्यंत उतरेल. आजकालची भूल अशी रात्रभर रेंगाळत नाही, आणि शरीराची एकच बाजू तर ती कधीच निवडीत नाही. पाठीतून दिलेल्या भुलीने काही तास दोन्ही पाय बधिर राहतात. तोंड वाकडे होत नाही. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाच्या भयाने ते बहुधा देताही येत नाही. परंतु मेंदूतील मोठी रोहिणी बंद झाली असेल, तर नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपाय आता उपलब्ध आहे आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो. जितका उशीर, तितका मेंदू गेलेला. भुलीवर भरवसा ठेवून घालविलेली रात्र ही अशी हिशेबात येते.

काही आघात तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झालेल्या, पासष्टी गाठलेल्या वा ओलांडलेल्या १,११४ रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेकडा सात जणांच्या मेंदूत बाहेरून काहीच न दिसलेल्या पक्षाघाताच्या खुणा आढळल्या. वर्षानंतर त्यांच्यापैकी ४२ टक्क्यांची बुद्धी मंदावलेली होती. इतरांत हे प्रमाण २९ टक्के होते. 'ऑपरेशननंतर बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत' हे वाक्य पेठेत वारंवार ऐकू येते. ते सगळेच मनाचे खेळ नसावेत.

या साऱ्याचा विचार करण्याची जागा म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने घेतलेली भेट. मोठ्या रुग्णालयांत तिच्यासाठी स्वतंत्र कक्ष असतो. लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावला जातो. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या, आणि रुग्णाची व त्याची पहिली गाठ कित्येकदा टेबलावरच पडते. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. त्याला मोबदला मिळतो तो भूल देण्याचा, आदल्या आठवड्यात अर्धा तास बसून जुन्या चिठ्ठ्या वाचण्याचा नव्हे. ज्या कामाला किंमत नाही ते काम होत नाही, एवढा साधा नियम येथे चालू आहे.

संमतिपत्रावरील सहीने ही भेट भरून निघत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले पाहिजेत. दूरान्वयाचे धोके सांगण्याची सक्ती नाही. पक्षाघात चाळिशीच्या माणसाला दूरान्वयाचा, पण झटका येऊन गेलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला महत्त्वाचा. कोणता रुग्ण कोणत्या रकान्यात बसतो, हे छापील कागद ठरवू शकत नाही. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ कर्नल मॅडॉक यांनी काढले. मध्येच विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. त्याआधी गांधीजींनी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेऊन त्यांच्याकडून निवेदन लिहवून घेतले आणि त्यावर सही केली. सर्जनवर आपला विश्वास आहे आणि आपल्या पसंतीचे डॉक्टर बोलाविण्याची मोकळीक आपल्याला देण्यात आली होती, असे त्यात होते. तातडीची शस्त्रक्रिया, रुग्ण कैदी, सर्जन परक्या सरकारचा. तरीही बोलणे झाले होते. आज दिवे जात नाहीत, कैदही नाही, आणि महिनाभर आधी ठरलेल्या शस्त्रक्रियेची सही मात्र खाटेवरून नेताना घेतली जाते.

पक्षाघात झालेल्या माणसाचा पुढचा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. ब्युरोतून आणलेली बाई, व्यायाम करून घेणारा, जिना उतरता येत नाही म्हणून घरी येणारे डॉक्टर, आणि नोकरी सोडून घरी बसलेली सून वा लेक. विमा यांतले फारसे देत नाही. उलट भूलतज्ज्ञाच्या त्या अर्ध्या तासाला बिलात एक वेगळी ओळ द्यायची आणि विमा कंपन्यांनी ती मान्य करायची, तर एकंदर खर्चात तिचा पत्ताही लागणार नाही. ही ओळ मागण्याचा अधिकार रुग्णाला आहे. तारीख ठरविताना शनिवार पेठेतल्या निवृत्त मास्तरांनी खोलीच्या भाड्याची घासाघीस करण्याआधी एवढेच विचारावे, की भूल देणारे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतील आणि येताना घरातली औषधांची पिशवी आणायची की चिठ्ठ्यांची फाईल.